'तात्पुरता' ह्या शब्दाची गोष्ट

पुण्यात कोणी "त्याला एच-वन मिळाला" असं सांगितलं की मुलगा अमेरिकेत स्थायिक झाला, असंच ऐकणाऱ्याला वाटतं. कागदोपत्री मात्र हा व्हिसा आजही तात्पुरत्या कामगाराचा आहे. ही भानगड काय ते बघायला जुने कायदे चाळले.

१९१७च्या कायद्याने हिंदुस्थानासकट बऱ्याच आशियाला अमेरिकेचं दार बंद केलं. १९४६ मध्ये ते किलकिलं झालं: आपल्याकरता वर्षाला १०० माणसं! डेक्कन क्वीनचे दोन डबेही भरायचे नाहीत.

एच-१ आला १९५२ मध्ये. माणूस असामान्य गुणवत्तेचा हवा, काम तात्पुरतं हवं, आणि मायदेशातलं घर कायमचं सोडायचा इरादा नको. १९७० मध्ये काम तात्पुरतं असण्याची अट गेली. १९९०च्या कायद्याने एच-१बी केला आणि घराची अटही काढली. 'असामान्य गुणवत्ता' जाऊन पदवी आणि तिच्याशी जुळणारं काम आलं. (गंमत म्हणजे जुनी गुणवत्तेची अट एच-१बी मध्ये आता उरली आहे ती फॅशन मॉडेल्सना! आम्ही इंजिनिअर त्यातून सुटलो.) माझ्या मते खरं वळण हेच. तात्पुरतेपणाच्या अटी गेल्या, शब्द तेवढा राहिला. आणि सहा वर्षांची मुदत.

अर्ज आपण करत नाही, मालक करतो. त्याआधी पद आणि पगाराची नोटीस कामाच्या जागी दहा दिवस लावावी लागते. माझी कॉफीच्या यंत्राशेजारी होती. नाव नसतं, पण मजल्यावर सगळ्यांना कळतंच.

वर्षाचा कोटा ६५,०००. डॉटकॉमच्या दिवसांत तो १,९५,००० पर्यंत गेला, २००४ मध्ये परत खाली. पुढे अमेरिकेत मास्टर्स किंवा डॉक्टरेट केलेल्यांना २०,००० वेगळे मिळाले. एप्रिल २००७ मध्ये पहिल्याच दिवशी कोटा संपला आणि सोडत काढावी लागली. विद्यापीठं २००० पासून कोट्याबाहेर आहेत. म्हणून पीएचडीनंतर आमच्यातले बरेच जण आधी तिथेच टेकतात. असो.

अडतं ते पुढे. नोकरीवरच्या ग्रीन कार्डात कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे, मग तो भारत असो की आइसलंड. रांगेत अडकलेल्यांना सहा वर्षांनंतरही मुदतवाढ देण्याची सोय २००० मध्ये झाली. म्हणजे तात्पुरतेपणच वाढवून मिळतं. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस. तेही २०१७ पासून.

आमच्या प्रयोगशाळेतले एक तेलुगू सहकारी चौदा वर्षं 'तात्पुरते' आहेत. दोन वर्षांची असताना आणलेली मुलगी आता गाडी चालवायला शिकते आहे. २१ पूर्ण झाली की आईवडिलांच्या व्हिसावर तिला राहता येणार नाही, स्वतःचा काढावा लागेल. पाच वर्षं आहेत, असं ते म्हणतात.