संक्रांत पुढं सरकली कशी?

तिळगूळ देताना आपण म्हणतो, आजपासून उत्तरायण, आता दिवस तिळातिळानं वाढणार. पण आपल्या पालघर-बोईसरकडं तोवर दिवस सहा-सात मिनिटांनी वाढलेलाच असतो. सूर्य उत्तरेला वळतो 21-22 डिसेंबरला आणि संक्रांत येते 14 किंवा 15 जानेवारीला. आजीनं चुकीचं सांगितलं का? नाही. साधारण 1700 वर्षांपूर्वी या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी घडत होत्या.

सूर्याच्या वाटेचे बारा भाग म्हणजे बारा राशी. सूर्य नव्या राशीत गेला की संक्रांत, म्हणून वर्षाला संक्रांती बारा. हळदीकुंकू मात्र मकरेचंच. त्याच वाटेचे सत्तावीस भाग केले की नक्षत्रं होतात. एकेका नक्षत्रात सूर्य तेरा-चौदा दिवस असतो. आपली पावसाची नक्षत्रं ती हीच. नारळी पौर्णिमा चंद्रावर चालते म्हणून तिची तारीख दरवर्षी बदलते. मृग सूर्यावर चालतो म्हणून तो 7-8 जूनलाच लागतो.

पण पृथ्वी भोवऱ्यासारखी अगदी सावकाश डुलते. त्यामुळं ताऱ्यांवरून मोजलेली तारीख ऋतूच्या मानानं सुमारे 72 वर्षांत एक दिवस पुढं जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती!

हे साहेबाच्या शाळेतून आलेलं ज्ञान नव्हे. सहाव्या शतकात वराहमिहिरानं ‘बृहत्संहिते’त लिहून ठेवलं, की जुन्या ग्रंथांत उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी सांगितलंय, आता ते मकरेच्या आरंभी होतं. कुणाला फरक वाटला तर डोळ्यांनी पाहून ठरवा, असंही तो सांगतो. त्याची रीत अगदी सोपी आहे. उगवत्या-मावळत्या सूर्यासाठी लांबची एक खूण धरायची, नाहीतर खुंटीची सावली मोजायची. आपल्याला तर समुद्रच आहे. चिंचणीच्या किनाऱ्यावर पश्चिमेला तोंड करून उभ्या राहा. जूनमध्ये सूर्य उजवीकडं, डहाणूच्या अंगाला बुडतो. डिसेंबरात डावीकडं, तारापूरच्या अंगाला. तिथं तो काही दिवस थबकल्यासारखा दिसतो आणि मागं फिरतो. ते खरं उत्तरायण.

आपल्याकडं यावर वादही भरपूर झाले. दापोलीजवळच्या मुरुडचे शिक्षक शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी 1896 साली ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथात हा सगळा इतिहास मांडला. लोकमान्य टिळकांनीही पंचांग सुधारण्याचा आग्रह धरला. टिळक पंचांगानं मोजणीचा आरंभच वेगळा धरलाय, म्हणून ते मानणाऱ्या घरांत संक्रांत 10 जानेवारीच्या सुमारास होते. म्हणजे एकाच राज्यात दोन संक्रांती! कुणाचं काही बिघडलं नाही.

बिघडतं ते पेरणीत. अडीचशे वर्षांपूर्वी मृग आजच्यापेक्षा तीन-चार दिवस आधी लागायचा. पावसाला मृगाची तारीख ठाऊक नसते. तो समुद्र, वारा आणि उन्हाच्या हिशेबानं येतो. आणि वाहनाचं काय? सूर्य नक्षत्र बदलतो तेव्हा त्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, आकड्याला नवानं भागायचं. एक उरला तर घोडा, तीन उरले तर बेडूक, काहीच उरलं नाही तर हत्ती. या गणितात ढग कुठंच नाही. तरी ‘यंदा मृगाचं वाहन बेडूक’ म्हणून राबात बी टाकून मोकळ्या होणाऱ्या बाया आहेत. पाऊस ओढला की बी जातं, आणि दुसऱ्यांदा बियाण्याला पैसे गटातूनच उचलावे लागतात. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, ही नावं मला फार आवडतात, ती जपूया. बी मात्र हवामान खात्याचा अंदाज ऐकून आणि जमिनीची ओल हातानं पाहून टाका.

स्वातंत्र्यानंतर 1952 साली सरकारनं डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली. केशव लक्ष्मण दप्तरी आणि ज. स. करंदीकर ही आपली मराठी माणसंही तिच्यात होती. तिच्या शिफारशीवरून 22 मार्च 1957 पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, ऋतूंशी बांधलेली. आकाशवाणीच्या बातम्यांत इंग्रजी तारखेबरोबर शके सांगतात, ते याच दिनदर्शिकेतलं. तिच्यातला पौष आपल्या घरच्या पंचांगातल्या पौषापेक्षा वेगळा. तो 22 डिसेंबरला, सूर्य वळतो तेव्हाच लागतो. आपण 14 जानेवारीला सुगडं पुजतो, तेव्हा त्या पौषाची 24 तारीख असते.