सवलत येते कुठून?

मैत्रिणींनो, मोबाइलवर तिकीट काढलं की किती सवलत मिळाली ते आपण कौतुकानं सांगतो. ती सवलत येते कुठून, ते आज आम्ही सांगणार आहोत.

दीप कालरा यांनी २००० साली ‘मेकमायट्रिप’ सुरू केली. इंटरनेटवर पैसे भरायला तेव्हा आपल्याकडे लोक धजत नसत. म्हणून पहिली गिऱ्हाइकं होती अमेरिकेतून घरी येणारी भारतीय मंडळी. २००२ साली रेल्वेचं तिकीट इंटरनेटवर मिळू लागलं, २००३ साली एअर डेक्कनचं स्वस्त विमान उडालं आणि लोकांची भीड चेपली. २००५ साली कंपनीनं भारतातही विक्री सुरू केली. २०१० साली ती अमेरिकेच्या नॅस्डॅक शेअर बाजारात गेली. २०१७ साली गोआयबिबो आणि रेडबसही तिच्याकडे आल्या.

सवलतीचा बराच भार कमिशनवर असतो आणि ते कमिशन देतो हॉटेलवाला. वर त्याला अट असायची, की दुसरीकडे याहून कमी दरात खोली द्यायची नाही. अशा अटी भारतीय स्पर्धा आयोगानं २०२२ साली गैर ठरवल्या आणि २२३.४८ कोटी रुपये दंड ठोठावला.

आपल्यातल्या कितीतरी जणी घरी पाहुणे ठेवून निवास-न्याहारी चालवतात. सही करण्याआधी विचारा: कमिशन किती? दर कोण ठरवणार? आणि फिरायला निघालात, तर हॉटेलला एक फोन करून थेट दरही विचारा.