मोजणीत न धरलेले दिवस : नुनाविकमधील बाळंतपणाचा इतिहास

१/ प्रसूतिसेवा चांगली की वाईट, हे कशावरून ठरवावे? किती माता आणि बालके जगली, हे पहिले उत्तर. कॅनडाच्या उत्तरेतील इनुइट स्त्रियांनी १९८० च्या दशकात या उत्तराला आणखी एक प्रश्न जोडला. त्या प्रश्नाचा हा इतिहास. #थ्रेड

२/ क्वेबेक प्रांताचा उत्तर भाग म्हणजे नुनाविक. किनाऱ्याने विखुरलेली १४ गावे आणि त्यांना जोडणारा एकही रस्ता नाही. पूर्वी बाळंतपण तंबूत किंवा हिमघरात, जाणत्या स्त्रियांच्या हातून होई. पुढे शासकीय आरोग्यकेंद्रे आली आणि १९७० च्या दशकापासून गरोदर स्त्रियांना विमानाने दक्षिणेकडील रुग्णालयांत पाठवण्याची रीत रुळली.

३/ हडसन किनाऱ्यावरील अनेक स्त्रियांची रवानगी मूस फॅक्टरी येथे होई. दिवस भरण्याच्या कित्येक आठवडे आधी घर सोडायचे. सोबतीला ना पती, ना आई. भोवती परकी भाषा आणि परके अन्न. मागे राहिलेल्या मुलांकडे कोण पाहते, याची नोंद रुग्णालयाच्या कोणत्याच रकान्यात नव्हती.

४/ या धोरणाचा आधार आकडेवारीचा होता. विसाव्या शतकाच्या मध्यास इनुइट बालमृत्यूचे प्रमाण कॅनडाच्या सरासरीच्या कितीतरी पट होते. नंतर ते घटले. परंतु त्याच काळात घरे, लसीकरण आणि क्षयरोगावरील उपचारही सुधारत होते. घट नेमकी कशामुळे झाली, हे केवळ मृत्युदर पाहून सांगता येत नव्हते.

५/ शिवाय लहान लोकसंख्येत दर फसवा ठरतो. वर्षाला ४० बाळंतपणे होणाऱ्या गावात एक अर्भक दगावले, तर दर हजारी २५ होतो. पुढच्या वर्षी कोणीच दगावले नाही, तर तो शून्यावर येतो. सेवा मात्र दोन्ही वर्षी तीच असते.

६/ गावातील स्त्रियांच्या आग्रहातून १९८६ मध्ये पुविर्नितुक येथे प्रसूतिगृह सुरू झाले. दक्षिणेतून आलेल्या सुइणींसोबत काम करत स्थानिक इनुइट तरुणी तेथेच शिकू लागल्या. १९९८ मध्ये इनुक्जुआक आणि २००४ मध्ये साल्लुइत येथेही अशीच केंद्रे निघाली.

७/ येथे शस्त्रक्रियेने प्रसूती करण्याची सोय नाही. त्यासाठी मॉन्ट्रियल गाठायचे, म्हणजे हवामान साथ देत असतानाही कित्येक तासांचा प्रवास. म्हणून निवड काटेकोर हवी. ३२ ते ३४ व्या आठवड्याच्या सुमारास सुइणी, डॉक्टर आणि परिचारिका यांची समिती प्रत्येक गर्भवतीचा विचार करते. वैद्यकीय धोक्यासोबत कुटुंबापासून तुटण्याचा धोकाही तेथे विचारात घेतला जातो.

८/ ‘धोका’ या शब्दावरच मूळ मतभेद होता. उपसागराच्या पश्चिमेकडील कीवाटिन भागाविषयी पॅट्रिशिया कॉफर्ट आणि जॉन ओ’नील यांनी १९९३ मध्ये तो मांडला. साथरोगतज्ज्ञ दरांच्या भाषेत बोलत होते, डॉक्टर रुग्णालयातील अनुभवाच्या आधारे, तर स्त्रिया स्वतःच्या आणि आईच्या बाळंतपणाच्या स्मृतीतून. शब्द सर्वांच्या तोंडी एकच असला, तरी त्यामागचे भय निराळे होते.

९/ मग नुनाविकचे मोजमाप काय सांगते? २००० ते २००७ या काळातील १,३७२ प्रसूतींचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. ८६ टक्के प्रसूती नुनाविकमध्येच झाल्या. ८५ टक्के सुइणींच्या हातून. तातडीने अन्यत्र हलवावे लागले ते सुमारे ९ टक्के प्रसंगांत. मृत्यूंची संख्या अल्प होती; पण संख्या इतकी लहान असता दोन मृत्यू अधिक झाले असते, तरी दर बराच बदलला असता. हा सावधपणा दक्षिणेच्या बाजूने सांगितल्या गेलेल्या आकड्यांनाही लागू होतो.

१०/ २०१० मध्ये कॅनडातील प्रसूतितज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने दुर्गम आणि आदिवासी समाजांत बाळंतपण परत नेण्यास पाठिंबा देणारे निवेदन काढले. तोवर पुविर्नितुकच्या प्रसूतिगृहाला जवळपास पाव शतक झाले होते.

११/ गुंतागुंतीच्या प्रसूतीसाठी विमान आजही लागते आणि लागणारच. बदलले ते एवढेच, की त्या विमानात कोणी बसायचे, हे ठरवणाऱ्या समितीत आता इनुइट सुइणीही असतात. आणि घरापासून दूर काढावे लागणारे दिवस हाही तेथे हिशेबाचा भाग असतो.