दिनविशेष : ४ ऑगस्ट
१९२३ : बोले यांचा पाणवठ्यांचा ठराव

मुंबई विधिमंडळात रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव या दिवशी मंजूर झाला. सरकारी किंवा लोकांच्या पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, अशी ती शिफारस होती. युक्तिवाद सरळ होता. खर्च सार्वजनिक, तर पाणीही सार्वजनिक. बोले हे भंडारी समाजातले पुढारी. १९०९ मध्ये कामगार हितवर्धक सभा उभी करणाऱ्यांपैकी एक.

सरकारने सप्टेंबरात आदेश काढला, पण गावोगावच्या संस्थांनी तो फायलीतच ठेवला. बोलेही चिवट. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी पुन्हा ठराव आणला : अंमल न करणाऱ्या नगरपालिकांचं अनुदान रोखा! नस बरोबर पकडली होती.

महाड नगरपालिकेने चवदार तळं कागदावर खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी अनुयायांसह तिथलं पाणी प्यायलं आणि नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. तारीख, योगायोग पाहा, ४ ऑगस्ट १९२७. पुढचा वाद कोर्टात गेला. उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल यायला १९३७ उजाडलं.

आपल्या केशोरीकडचा मुलूख तेव्हा मध्य प्रांतात, त्यामुळे मुंबईचा हा ठराव इथल्या तलाव-विहिरींना लागू नव्हता. अस्पृश्यता सगळीकडेच रद्द झाली ती राज्यघटनेच्या कलम १७ने, १९५० मध्ये.