दोर बांधायचा कुठे?

पावसाळ्यात शेतरस्त्यावर एखादी जीप रुतली की पुढचे दृश्य आपल्या परिचयाचे असते. दुसरी गाडी बोलावली जाते, दोर शोधला जातो आणि जिथे अडकेल तिथे अडकवून गाडी टोचन केली जाते. दोर मजबूत आहे का, हे सगळेच पाहतात. पण तो ज्याला बांधला आहे ते मजबूत आहे का, हे फारसे कोणी पाहत नाही. या दुर्लक्षापायी माणसांचे जीव गेले आहेत. असे का होते, हे समजून घ्यायला थोडे इतिहासात जावे लागेल.

१९२० ते १९४० च्या दरम्यान राल्फ बॅग्नोल्ड हा ब्रिटिश सैन्यातला अभियंता फोर्ड मोटारी घेऊन इजिप्त-लिबियाचे वाळवंट पालथे घालत होता. मोटार वाळूत रुतली की तो चाकांखाली पोलादी पन्हळी सरकवत असे. या पन्हळी मुळात पहिल्या महायुद्धातील भुयारी आसऱ्यांच्या छपरांसाठी बनवलेल्या होत्या आणि त्याला त्या कैरोच्या जुन्या बाजारात मिळाल्या होत्या. पन्हळीमुळे चाकाचा भार मोठ्या क्षेत्रफळावर पसरतो, दाब कमी होतो आणि मोटार आपल्याच बळावर बाहेर पडते. ओढण्याचा प्रश्नच येत नाही. वाळूच्या हालचालींचे भौतिकशास्त्र मांडणारा बॅग्नोल्डचा ग्रंथ १९४१ साली प्रसिद्ध झाला. तो आजही अभ्यासला जातो.

त्याच १९४१ साली अमेरिकन सैन्यासाठी विलीस जीपचे मोठे उत्पादन सुरू झाले. या जीपच्या मागे एक जाड पोलादी हूक असे. लहान तोफ किंवा ट्रेलर ओढण्यासाठी तो होता. हा हूक पत्र्याला किंवा बंपरला नव्हे, तर चासीच्या आडव्या तुळईला जोडलेला होता. ओढ थेट गाडीच्या सांगाड्यावर यावी, हे तत्त्व तेव्हाच्या अभियंत्यांना पक्के ठाऊक होते.

मग घोटाळा कुठे झाला? त्याचे उत्तर दोरात आहे. साखळी आणि तारदोर फारसे ताणले जात नाहीत. त्यांना हिसका दिला की बल एका क्षणात प्रचंड वाढते. म्हणून अशा दोराने गाडी सावकाशच ओढावी लागे. १९३५ साली वॉलेस कॅरोदर्स या रसायनशास्त्रज्ञाने ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत नायलॉन तयार केले आणि चित्र पालटले. दुसऱ्या महायुद्धात बिनइंजिनाची ग्लायडर विमाने ओढायला नायलॉनचे दोर वापरले गेले. ५ मार्च १९४४ च्या रात्री आसामातील लालाघाट येथून अशी ग्लायडर ब्रह्मदेशात नेण्यात आली. एकेका डाकोटा विमानामागे दोन-दोन ग्लायडर होती. डोंगर ओलांडताना त्यांतले काही दोर तुटलेच. ताणले जाणाऱ्या दोरालाही मर्यादा असते, हा धडा तिथेच मिळाला होता.

पुढे नायलॉनचे रुंद पट्टे गाड्या काढण्यासाठी आले. पट्टा सैल ठेवून पुढची गाडी थोडा वेग घेते. पट्टा ताणला जातो, तिची गतिज ऊर्जा त्यात साठते आणि रुतलेली गाडी उपसली जाते. नऊ मीटरचा पट्टा वीस टक्के, म्हणजे १.८ मीटर ताणला गेला आणि त्या वेळी बल ४०,००० न्यूटन झाले असे धरू. बल ताणाच्या प्रमाणात वाढते असे मानल्यास साठलेली ऊर्जा ½ × ४०,००० × १.८ = ३६,००० ज्यूल भरते. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेल्या क्रिकेटच्या चेंडूत सुमारे १२० ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे आपण तीनशे चेंडूंची ऊर्जा एका पट्ट्यात कोंडली!

आता हा पट्टा ट्रेलरच्या टो-बॉलला अडकवला आहे, अशी कल्पना करा. सपाट रस्त्यावर दोन टनांचा ट्रेलर एकसारख्या वेगाने ओढायला काहीशे न्यूटन बल पुरते. तो गोळा अशा कामासाठी असतो, हिसक्यासाठी नव्हे. त्याचा दांडा तुटला आणि साठलेल्या ऊर्जेचा केवळ विसावा हिस्सा एक किलोच्या गोळ्याला मिळाला, तरी त्याचा वेग सेकंदाला ६० मीटर होतो. तो गाडीची काच सहज फोडतो. ऑस्ट्रेलियात अशा अपघातांत मृत्यू झाले. तिथल्या २०१० च्या नियमांनुसार पट्ट्यावरच सूचना छापाव्या लागत: टो-बॉलला कधीही बांधू नये, आणि इतरांनी पट्ट्याच्या लांबीच्या किमान दीडपट दूर उभे राहावे. गाडीखाली जहाजावर बांधण्यापुरती दिलेली कडीही या कामाची नव्हे. चासीला मजबूत बोल्टांनी जोडलेला, किती बल सोसेल ते ठरवून दिलेला हूकच यासाठी वापरावा.

वर्गात हे दाखवणे सोपे आहे. शिवणाच्या दोऱ्याने अर्धा किलोचा दगड जमिनीपासून बोटभर उंच, सावकाश उचला. दोरा टिकतो. आता दगड खाली ठेवून हिसका द्या. दोरा तुटतो. मग दोऱ्याला रबरबँड जोडून तसाच हिसका द्या. आता दोरा वाचतो. (चेहरा मात्र दूर ठेवावा.) हिसक्याची ऊर्जा कुठे गेली, असे विद्यार्थ्यांना विचारावे. 'रबरात' हे उत्तर आले की पुढचा प्रश्न विचारावा: आणि रबराचे टोक सुटले तर?

हा दुसरा प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर रुतलेल्या गाडीजवळ दोर हातात घेतल्यावर ते विद्यार्थी आधी वाकून गाडीखाली पाहतील, असे आम्हांला वाटते.