सुरांना नावे मिळाली तेव्हा

भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ज्याचे आयुष्य गेले, त्याने स्वरांच्या इतिहासावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. मी गवई नव्हे, कामगार संघटनेचा माणूस आहे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण रात्री, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर झाले. त्यामुळे ज्ञान कोणाच्या ताब्यात असते आणि ते सर्वांचे कसे होते, हा प्रश्न मला आधी पडतो.

स्वराची उंची मोजणे आपल्याकडे नवे नाही. ३६ इंचांच्या तारेला षड्ज मानले, तर ती २४ इंचांवर धरली असता पंचम आणि १८ इंचांवर तारषड्ज बोलतो. सतराव्या शतकात अहोबलाने ‘संगीत पारिजात’ ग्रंथात वीणेच्या तारेच्या लांबीवरूनच स्वरस्थाने सांगितली. परंतु शास्त्र संस्कृत पोथीत राहिले आणि गाणे घराण्यांच्या गळ्यात. सामान्य माणूस दोन्हींच्या बाहेर उभा होता.

ही दारे उघडण्याचे काम दोन मराठी माणसांनी केले. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले आणि १९०८ साली मुंबईस. दुसरे विष्णु नारायण भातखंडे; जन्म १८६०, वाळकेश्वर. शिक्षणाने वकील. त्यांनी देशभर हिंडून बंदिशी जमविल्या, आणि त्या उतरवून घेण्यासाठी सोपी लिपी केली: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली बिंदू, तार स्वरावर बिंदू. एवढे शिकले की अनोळखी बंदिशीचाही सांगाडा वाचता येतो.

पण अक्षरे ओळखणे म्हणजे लिहिता येणे नव्हे. म्हणून भातखंड्यांनी सरगमगीते आणि लक्षणगीते विद्यार्थ्यांपुढे ठेवली. लक्षणगीतात रागाचा नियम शब्दांत असतो आणि तोच नियम चालीतही पाळलेला असतो. नियम गाता गाता पाठ होतो. भूप घ्या. त्यात मध्यम आणि निषाद वर्ज्य. उरले पाच स्वर. याच पाच स्वरांत एखादा विद्यार्थी स्वतःची सरगम बांधू लागतो. गांधाराला मान दिला तर भूप राहतो. धैवताकडे जोर गेला, उत्तरांग वाढले, की देशकार डोकावतो. स्वर तेच, पण त्यांचा मान बदलला की राग बदलतो. हे ऐकून अर्धे समजते. स्वतः चार ओळी बांधताना चुकले, की पुरते समजते.

आता दुसरी बाजू. उस्तादांनी विद्या लपविली, असे सहज म्हटले जाते. मला ते अर्धसत्य वाटते. कसब हेच ज्याचे भांडवल, त्याने ते जपले तर त्याला एकट्याला दोष का द्यावा? आणि सर्वांनीच काही जपले नाही. जयपूरचे महंमद अली खाँ आणि त्यांचे पुत्र यांनी भातखंड्यांना शेकडो बंदिशी दिल्या. क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांचे ऋण अशा गळ्यांवरही आहे. पुस्तकावर संपादकाचे नाव मोठे छापले जाते. कापडावरही विणणाऱ्याचे नाव नसते.

शिवाय जे लिहिता येत नाही ते उरतेच. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी श्रुती मोजून १९१० साली त्यावर पुस्तक लिहिले; त्या प्रयोगांत अब्दुल करीम खाँसाहेबांचा कान आणि गळा त्यांच्या साहाय्याला होता. आजच्या साध्या पेटीचा शुद्ध गांधार जुळलेल्या तंबोऱ्यातून उमटणाऱ्या गांधारापेक्षा किंचित चढा असतो. कागदावर मात्र दोन्ही ‘ग’च. हा फरक गुरूसमोर बसूनच कानाला कळतो.

तरीही लिपीचे मोल कमी होत नाही. मजुरीचा हिशेब स्वतः वाचू लागलेला कामगार मी पाहिला आहे. त्या दिवशी त्याची मजुरी वाढत नाही, पण तो मान वर करून प्रश्न विचारू लागतो. सुरांना नावे मिळाली तेव्हा शिकणाऱ्यांना तेच मिळाले: विचारता येणे. उत्तर देणारा गुरू तेव्हाही लागत होता, आजही लागतो. त्याचे नाव आणि त्याची बिदागी विसरू नये, एवढेच माझे मागणे आहे.