फाशीचे अपील आणि न्यायाधीशांचे तारतम्य

ज्याने कायद्याच्या महाविद्यालयाची पायरीही चढलेली नाही अशा माणसाने फाशीच्या कायद्यावर बोलावे, हे काहींना खटकेल. आमचे कायद्याचे शिक्षण कामगारांच्या खातेनिहाय चौकश्यांत झाले. तेथली एक गोष्ट आधी सांगतो, म्हणजे आम्ही या विषयाकडे कोणत्या वाटेने आलो ते ध्यानात येईल.

एका कारखान्यात दोन कामगारांची मुकादमाशी एकाच वेळी, एकाच कारणावरून हातघाई झाली. चौकशीला मात्र अधिकारी दोन नेमले गेले. एकाने आपल्यापुढच्या कामगाराला चार दिवस निलंबित केले. दुसऱ्याने आपल्यापुढच्याला बडतर्फ केले. दोन्ही हुकुमांत ‘सर्व परिस्थितीचा विचार करून’ हे शब्द होते, आणि दोघेही अधिकारी सज्जन होते. त्या दिवसापासून शिक्षेचा कागद हाती आला की आमचा पहिला सवाल ठरलेला असतो: दुसऱ्याला काय दिले? कामगारांसाठी १९७१ साली औद्योगिक कलह कायद्यात कलम ११ अ घातले गेले, आणि बडतर्फी जास्त वाटली तर ती कमी करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला मिळाला. नोकरी गेलेल्याला ती परत मिळू शकते. फाशी गेलेल्याचे काय?

खुनाच्या गुन्ह्याला १८६० च्या दंडसंहितेने दोन शिक्षा ठेवल्या, देहान्त किंवा जन्मभराचे काळे पाणी. दोहोंतली कोणती, हे न्यायाधीशाच्या तारतम्यावर सोडले. पण तारतम्याला एका बाजूने ओझे बांधलेले होते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे ज्या गुन्ह्याला फाशी सांगितली आहे त्यात फाशी दिली नाही, तर का दिली नाही याची कारणे न्यायाधीशाला लिहावी लागत. म्हणजे फासावर चढवणे हा रिवाज, आणि जीव वाचवणाऱ्याने जाब द्यायचा! १९५५ च्या दुरुस्तीने ही अट काढली. पुढे १९७३ ची नवी संहिता आली, ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली, आणि पारडे पुरते फिरले. आता फाशी देणाऱ्याने खास कारणे लिहायची, आणि शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीचे म्हणणे वेगळे ऐकून घ्यायचे.

सत्र न्यायाधीशाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्यावाचून अमलात येत नाही. कैद्याने अपील केले नाही तरी कागद वर जातातच. कायम करणाऱ्या हुकुमावर दोन न्यायमूर्तींची सही लागते, आणि दोघांचे जमले नाही तर प्रकरण तिसऱ्याकडे जाते. ही वहिवाट जुनी आहे. कंपनीच्या अमदानीतही फाशीचे निकाल निजामत अदालतीकडे पाठवावे लागत. गंमत अशी की खुद्द इंग्लंडात फौजदारी अपिलाचे न्यायालय निघाले ते १९०७ साली. यात हिंदी माणसाविषयीच्या दयेपेक्षा मुफस्सलातल्या आपल्याच न्यायाधीशावरचा अविश्वास अधिक असावा, असे आम्हाला वाटते. अविश्वासातूनही कधी कधी चांगली रीत पडते.

उच्च न्यायालयाच्या वरची पायरी मात्र अरुंद आहे. खालच्या कोर्टाने निर्दोष सोडलेल्याला उच्च न्यायालयाने फाशी दिली, तर सर्वोच्च न्यायालयाकडे जाण्याचा हक्क आहे. दोन्ही कोर्टांनी फाशीच दिली असेल तर बहुधा खास परवानगी मागावी लागते, आणि अशी परवानगी २०१८ पर्यंत दोन ओळींतही नाकारली जाऊ शकत असे.

वरच्या कोर्टाने खालच्याच्या तारतम्यात हात कितपत घालावा? नागपूरच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले न्या. व्हिव्हियन बोस यांनी १९५३ साली दलीप सिंग खटल्यात सांगितले, की शिक्षा ठरवण्याचे तारतम्य मूळ न्यायाधीशाचे आहे. त्याने ते रीतीने वापरले असेल, तर सबळ कारणावाचून वरच्या कोर्टाने आरोपीचे अधिक वाईट करू नये. १९७२ साली जगमोहन सिंग खटल्यात सवाल मुळालाच भिडला. कोणाला फाशी द्यावी याचे मोजमापच कायद्यात नसेल, तर तो मनमानीचा कारभार नव्हे काय? न्यायालय म्हणाले, नव्हे. न्यायाधीश चुकला तर ती चूक सुधारायला वरची कोर्टे आहेत. १९८० साली बच्चन सिंग खटल्यात चार विरुद्ध एक मताने फाशी घटनेला धरून ठरली आणि ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ हे शब्द रूढ झाले, तेव्हाही हा आधार होताच. म्हणजे फाशीच्या कायद्याची इमारत अपिलाच्या खांबावर तोललेली आहे. तो खांब किती भक्कम, हे पाहायला एकच प्रकरण पुरे आहे.

उत्तर प्रदेशात पिलीभीतच्या सत्र न्यायालयाने १९७५ साली एका कुटुंबातल्या चौघांच्या खुनाबद्दल फाशीच्या शिक्षा दिल्या. खुनात सर्वांचा वाटा सारखाच ठरला होता. एक आरोपी पोलिसांच्या चकमकीत मेला. उरले जीता सिंग, काश्मिरा सिंग आणि हरबन्स सिंग. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने तिघांचीही फाशी कायम केली. मग तिघांनी वेगवेगळ्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले, आणि तीन अर्ज तीन खंडपीठांपुढे गेले. जीता सिंगचा अर्ज १९७६ साली फेटाळला गेला. काश्मिरा सिंगच्या शिक्षेचा फेरविचार झाला आणि १९७७ साली त्याला जन्मठेप मिळाली. हरबन्स सिंगचा अर्ज १९७८ साली फेटाळला गेला आणि पुनर्विचाराचा अर्ज १९८० साली. बरोबरच्याची फाशी उतरली आहे, ही गोष्ट त्या वेळी कोणाच्याच ध्यानात भरली नाही. पुढे राष्ट्रपतींनीही दयेचा अर्ज नाकारला.

जीता सिंग आणि हरबन्स सिंग यांना ६ ऑक्टोबर १९८१ रोजी फाशी व्हायची होती. हरबन्सने शेवटच्या घटकेला आणखी एक अर्ज केला, त्यात काश्मिराचा दाखला दिला, आणि त्याची फाशी थांबली. जीताने तसा अर्ज केला नाही. ठरल्या दिवशी तो फासावर गेला.

श्रोतेहो, येथे लाचलुचपत नाही, दुष्टावा नाही. मोठमोठ्या न्यायमूर्तींनी आपापल्या पुढच्या कागदावर तारतम्य चालवले. पण तीन कागद शेजारी शेजारी ठेवून ‘दुसऱ्याला काय दिले?’ असे विचारणे वेळेवर कोणाच्याच वाट्याला आले नाही. फेब्रुवारी १९८२ मध्ये न्यायालयाने हरबन्सची फाशी उतरवण्याची शिफारस राष्ट्रपतींना केली. शिवाय असे सांगितले, की फाशीपूर्वी तुरुंगाच्या अधीक्षकाने जातीने चौकशी करावी: या कैद्याच्या एखाद्या साथीदाराची फाशी कमी झाली आहे काय? जो सवाल न्यायासनावरून यायचा, तो अखेर तुरुंगाच्या कचेरीवर सोपवावा लागला.

बच्चन सिंग खटल्यातले एकटे विरोधी न्यायमूर्ती भगवती यांनी आपली सविस्तर कारणे त्याच वर्षी ऑगस्टात दिली. माणूस जगावा की मरावा हे खंडपीठ कोणाचे बसले यावर अवलंबून राहते आणि फास बहुधा गरिबाच्या गळ्यात पडतो, हे त्यांचे म्हणणे. गरिबाविषयी आम्हाला कोणी सांगायला नको. पहिल्या कोर्टात त्याचा वकील बहुधा सरकारने दिलेला. आरोपीचे बालपण, घरची स्थिती, तुरुंगातली वागणूक, यांतले काहीच तेथे दप्तरी आले नाही, तर वरचे कोर्ट तपासणार तरी काय?

२००९ साली महाराष्ट्रातल्या संतोष बरियार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेच कबूल केले, की १९९६ चा आपला एक निकाल बच्चन सिंगच्या कसोटीला सोडून होता, आणि त्याच्या मागोमाग आणखी निकाल गेले. २०१२ साली १४ निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या निकालांतल्या १३ कैद्यांची फाशी उतरवण्याची विनंती केली. तशाच चुकीपायी फाशी गेलेले दोघे १९९६ आणि १९९७ सालीच संपले होते.

हरबन्स सिंगचा पुनर्विचाराचा अर्ज दोन न्यायमूर्तींनी फेटाळला होता. असे अर्ज पुढेही दालनात, वकिलाचे तोंडी म्हणणे न ऐकता, निकालात निघत. २०१४ साली महंमद आरिफ खटल्यात ती रीत बदलली. फाशीच्या प्रकरणात पुनर्विचाराचा अर्ज तीन न्यायमूर्तींनी उघड्या न्यायालयात ऐकावा, असे ठरले. त्या सुनावणीला जास्तीत जास्त अर्धा तास द्यायचा.